मिनी लेथला डीआरओ: कपॅसिटिव्ह, काच की मॅग्नेटिक?

180 मिमी स्विंग (फिरवता येणारा सर्वात मोठा व्यास) आणि 350 मिमी बेडच्या मिनी लेथवर डीआरओची (स्लाइड किती सरकली ते आकड्यात दाखवणाऱ्या डिजिटल रीडआउटची) खरी कसोटी क्रॉस स्लाइडवर, म्हणजे टूल जॉबकडे आडवं नेणाऱ्या स्लाइडवर लागते. तिथे स्लाइड 0.01 मिमी सरकली की व्यास 0.02 मिमीने घटतो, म्हणजे स्केलची चूकही दुप्पट होऊन जॉबवर उतरते. बेडच्या दिशेने जॉबच्या खांद्याची (व्यास बदलतो त्या पायरीची) लांबी 0.05 मिमीत आली तरी बहुतेक कामं भागतात. त्यामुळे दोन्ही अक्षांवर सारखाच खर्च करायची गरज नाही.

कपॅसिटिव्ह स्केल म्हणजे डिजिटल कॅलिपरचीच लांब पट्टी. सर्वात स्वस्त, आणि जागेप्रमाणे हॅकसॉने कापताही येते. पण तिची सर्वात लहान पायरी 0.01 मिमी, व्यासावर 0.02. 20 मिमी शाफ्टला एच6 टॉलरन्स (अचूक बसणीसाठी मापात चालणारा फरक) मिळतो फक्त 0.013 मिमी, बेअरिंग बसवायचं असेल तर ही स्केल क्रॉस स्लाइडवर पुरत नाही. शिवाय रीडरखाली कूलंट शिरलं किंवा मोटरच्या स्पीड कंट्रोलरचा विद्युत गोंगाट पोहोचला की आकडे उडतात. बेडच्या मागे, आडोशाला मात्र ती छान चालते.

काचेची स्केल 5 किंवा 1 मायक्रॉनची येते आणि आकडा स्थिर राहतो. अडचण आकाराची आहे. ती कापता येत नाही, आणि तिची पेटी मोजायच्या अंतरापेक्षा साधारण 140 मिमी लांब असते. मिनी लेथची क्रॉस स्लाइड जेमतेम 70 मिमी सरकते, म्हणजे पेटी मागे बाहेर डोकावणारच. टेलस्टॉकच्या बाजूला लावली तर टेलस्टॉक जवळ येत नाही, गिबचे (स्लाइडचा ढिलेपणा काढणाऱ्या पट्टीचे) स्क्रूही झाकले जाऊ शकतात. चकच्या बाजूला लावली तर गरम कीस थेट तिच्यावर पडतो. कुठेही लावा, पेटीच्या फटीवरचे रबरी ओठ खाली किंवा किसापासून उलट्या दिशेला हवेत.

मॅग्नेटिक पट्टी 10 मिमी रुंद, कात्रीने कापता येणारी. तेल-पाण्याचा तिला त्रास नाही आणि रीडर हेडही लहान. लोखंडाचा कीस चिकटतो, म्हणून वर स्टेनलेसची झाकणपट्टी लावून ती पुसत राहा. डायलचा मॅग्नेटिक स्टँड मात्र तिच्याजवळ कधीच ठेवू नका. पट्टीवरचे ध्रुव बिघडले की ती बदलावीच लागते.

आमची निवड: क्रॉस स्लाइडवर 1 मायक्रॉनची मॅग्नेटिक, बेडवर कपॅसिटिव्ह. दोन्ही माप एकाच डिस्प्लेवर हवी असतील तर बेडवर काचेची घ्या, कारण कपॅसिटिव्हचा सिग्नल नेहमीच्या टीटीएल डिस्प्लेला (काचेच्या आणि मॅग्नेटिक स्केलचे सिग्नल वाचणाऱ्या) थेट जुळत नाही. डिस्प्लेत व्यास मोड (स्लाइडची हालचाल दुप्पट करून व्यास दाखवणारा) आहे ना, हे घेण्याआधी पाहा.

बसवण्याआधी गिब नीट आवळा. डुलणाऱ्या स्लाइडवर मायक्रॉनला अर्थ नाही. ब्रॅकेट किमान 6 मिमी जाड अॅल्युमिनियमचं करा, पातळ पत्रा लवचतो आणि दिशा बदलताना आकडा मागे राहतो. एम4 साठी 3.3 मिमी भोक पाडा, बिडात टॅप कोरडाच चालवा. काचेची पेटी डायल इंडिकेटरने पूर्ण लांबीभर 0.1 मिमीत समांतर करा, दोन्ही बाजूंनी: वरून आणि समोरून. तिरकी बसली तर रीडर अडतो आणि लवकर झिजतो. मॅग्नेटिकला हेडचं अंतर फीलर गेजने सगळीकडे सारखं तपासा.

डीआरओ बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधला ढिलेपणा) मोजमापातून काढतो, स्क्रूमधून नाही. ढिला स्क्रू असेल तर टूल जॉबमध्ये ओढलं जाऊ शकतं. आणि कंपाउंडची (क्रॉस स्लाइडवरच्या छोट्या, तिरक्या फिरवता येणाऱ्या स्लाइडची) हालचाल दोन अक्षांच्या डीआरओला दिसतच नाही, म्हणून शून्य घेण्याआधीच कंपाउंड लॉक करा.