तिकीट काढण्याआधी विमान कोणतं ते कुठे बघावं?

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून गोव्याला जायचंय, सोबत गुडघेदुखीची आई आहे आणि दोन उड्डाणांचं भाडं जवळपास सारखंच आहे. अशा वेळी विमान कोणतं ते बघूनच तिकीट काढावं, असं माझं ठाम मत आहे. एटीआर ७२ या पंख्यांवर उडणाऱ्या छोट्या विमानात दोन-दोनच्या सीट असतात, मधली सीट नाहीच. दारालाच जोडलेल्या जिन्याला मोजक्या पायऱ्या. पंख वर असल्यामुळे पावसाळ्यातला सह्याद्री आडकाठीविना दिसतो, तो जरूर बघावा. पण सामानाचे कप्पे लहान, मोठी ट्रॉली बॅग वर मावत नाही आणि पंख्यांजवळ आवाज जास्त. एअरबस ए३२० शांत, कप्पे ऐसपैस, पण तीन-तीनची रांग.

काही कंपन्यांबाबत शोधायलाच नको. अकासाची सगळी विमानं बोइंग ७३७ मॅक्स, फ्लाय९१ ची सगळी एटीआर. प्रश्न येतो तो इंडिगोसारख्या कंपनीचा, जिच्याकडे एटीआर आणि एअरबस दोन्ही आहेत.

पहिली वाट कंपनीच्या साइटची किंवा गुगल फ्लाइट्सची. उड्डाणाचा तपशील उघडला की विमानाचा प्रकार बहुधा दिसतो. नाही दिसला तर पैसे न भरता सीट निवडायच्या पानापर्यंत जा. सगळ्याच रांगा दोन-दोनच्या म्हणजे एटीआर. तीन-तीनची असेल आणि रांगा तिशीच्या आसपास संपल्या तर ए३२०, चाळिशीजवळ गेल्या तर त्याहून लांब असलेलं ए३२१. हे सगळं अर्थात कंपनीचं नियोजन झालं.

प्रत्यक्षात काय उडतं ते फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर कळतं, म्हणून माझा कल तिकडे. उड्डाणाचा क्रमांक टाकला की गेल्या ७ दिवसांची नोंद फुकटात मिळते, अगदी विमानाच्या नोंदणी क्रमांकासकट. तिथले संकेत ओळखायला शिका: एटी७६ म्हणजे एटीआर, ए२०एन म्हणजे ए३२० निओ, ए२१एन म्हणजे ए३२१ निओ. तुमच्या प्रवासाचा जो वार असेल त्याच वाराची ओळ आधी बघा, कारण वारानुसार विमान बदलू शकतं.

या नोंदीला एक मोठी मर्यादा आहे. वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतं. सप्टेंबरात बसून डिसेंबरचं तिकीट काढणाऱ्याला गेल्या आठवड्याची नोंद फारशी उपयोगी नाही. त्याने कंपनीच्या साइटवरच भिस्त ठेवावी आणि नवं वेळापत्रक लागू झालं की नोंद पुन्हा बघावी.

ओळखीचा ट्रॅव्हल एजंट असेल तर 'इक्विपमेंट (म्हणजे विमानाचा प्रकार) काय दाखवतंय?' एवढंच विचारा. त्याच्या सिस्टीमवर दिसतं, पण तेही नियोजनच.

माझा सल्ला असा: प्रवास दोन-तीन आठवड्यांत असेल तर फ्लाइटरडार२४ ला झुकतं माप द्या. आठवडाभर एकच प्रकार दिसला आणि साइटही तेच सांगत असेल, तर बिनधास्त तिकीट काढा. तरी ऐन वेळी विमान बदलायचा हक्क कंपनीच्या अटींत राखलेला असतो, त्यामुळे व्हीलचेअर लागणार असेल तर विमान कुठलंही असो, ४८ तास आधी कळवाच. आणि नोंदीत कधी एटीआर, कधी एअरबस दिसत असेल, तर बॅग एटीआरच्या हिशोबाने भरा.