भाडं थकलंय आणि बायको स्पाउस व्हिसावर: आधी कोणती वाट धरावी?

लंडनजवळच्या स्लाव (Slough) गावातल्या ओळखीच्या एका घरी नवरा ब्रिटिश नागरिक, बायको सांगलीहून स्पाउस व्हिसावर आलेली, पदरात दोन वर्षांची मुलगी. नवऱ्याच्या कामाचे तास कमी झाले, दोन महिन्यांचं भाडं थकलं. तरी युनिव्हर्सल क्रेडिटचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचं, नाव काढायला दोघं घाबरत होते. बायकोच्या ई-व्हिसावर सरकारी मदत घ्यायला मनाई आहे ना!

पण ती मनाई बायकोला आहे, नवऱ्याला नाही. म्हणून पहिली वाट, नवऱ्याने अर्ज करायचा. अर्जात बायकोची माहिती द्यावीच लागते, लपवू नका. रक्कम एकट्या माणसाच्या दराने ठरते. मुलीचा आणि घरभाड्याचा भाग त्यात येतो, भाडं खासगी असेल तर लोकल हाउसिंग अलाउन्सच्या, म्हणजे त्या भागासाठी सरकारने ठरवलेल्या भाड्याच्या, मर्यादेपर्यंत. बायकोची कमाई आणि बचत मात्र मोजतात, आणि दोघांची मिळून बचत 16,000 पौंडांच्या वर असेल तर काहीच मिळत नाही. बायकोमुळे जादा पैसे येत नाहीत, त्यामुळे तिच्या व्हिसाची अट मोडत नाही. चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्जही नवऱ्याच्याच नावाने भरा. व्हिसा वाढवताना दाखवायच्या उत्पन्नात युनिव्हर्सल क्रेडिट धरत नाहीत, तेवढं ध्यानात असू द्या.

दुसरी वाट, होम ऑफिसकडे (ब्रिटनचं गृहखातं) अर्ज करून व्हिसावरची ती मनाईची अटच काढून घेणं. फी नाही. पण हातात पैसे उरलेले नाहीत, किंवा मुलाचे हाल होताहेत, हे बँक स्टेटमेंटसकट दाखवावं लागतं. अट निघाली की बायकोचाही हिस्सा मिळतो. मात्र पाच वर्षांत कायम वास्तव्य मिळायचं ते दहा वर्षांवर जाऊ शकतं. स्किल्ड वर्कर किंवा स्टुडंट व्हिसावाल्यांना ही वाट सहसा मिळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वाटेने चूल पेटत असेल तर दुसरीकडे वळू नका. नाहीच भागलं, तर मान्यताप्राप्त इमिग्रेशन सल्लागाराला विचारून अर्ज करा. मूल उपाशी किंवा बेघर व्हायची वेळ आली, तर कौन्सिलच्या सोशल सर्व्हिसेसकडे 1989 च्या चिल्ड्रन अॅक्टच्या कलम 17 खाली मदत मागा. ती ‘पब्लिक फंड्स’मध्ये, म्हणजे व्हिसावर मनाई असलेल्या सरकारी मदतीत, मोडत नाही.

आणि घरात मारहाण होत असेल, तर ताई, या दोन्ही वाटा बाजूला ठेवा. अत्याचारग्रस्त जोडीदारांसाठी तीन महिन्यांची वेगळी सवलत आहे. त्या काळात स्वतःच्या नावावर मदत मागता येते, आणि फेब्रुवारी 2024 पासून वर्क व्हिसावाल्याच्या बायकोलाही ती खुली आहे.