पहिली स्क्रॅम्बलर घेताना टाच कुठे टेकते ते बघा

स्क्रॅम्बलर म्हणजे डांबरावर आणि कच्च्या वाटेवरही चालेल अशी मोटरसायकल. पण रुंद हँडल, गोल हेडलाइट, जाड टायर एवढ्यावर शोरूमवाले कुठल्याही गाडीला स्क्रॅम्बलर म्हणतात. गोव्यात डिचोली-साखळीकडच्या खाणीच्या तांबड्या रस्त्यावर नेली की सोंग कुठलं ते कळतं.

कच्च्या वाटेची खरी गाडी हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यातलं अंतर, २२० मिमी, पुढचं चाक २१ इंची, पुढच्या सस्पेन्शनची चाल १९० मिमी. नडते ती सीट: ८२५ मिमी. सव्वापाच फुटी माणसाच्या दोन्ही टाचा टेकत नाहीत. गाडी पळत असताना त्याचं काही वाटत नाही, वाटतं ते फेरीबोटीच्या रॅम्पवर. ओलं लोखंड, पुढची स्कूटर अचानक थांबते, तुमची फक्त बोटं टेकतात. दीडशे किलोच्या वरची गाडी एकदा कलली की नव्या हाताला सावरत नाही. म्हणून शोरूममध्ये रोजचे बूट घालूनच बसा, आणि गाडी मागे ढकलून बघा.

तिच्या तारांच्या चाकांत ट्यूब आहे. हवा फार कमी ठेवून खडीवर पळवली तर टायर रिमवर सरकतो आणि वॉल्व्हपाशी ट्यूब फाटते. वॉल्व्ह तिरका दिसला की हवा सोडून टायर लगेच जागेवर आणा.

टीव्हीएस रोनिनची सीट ७९५ मिमी, इंजिन २२५.९ सीसी, टायर ट्यूबलेस. रोज फोंडा-पणजी आणि अधूनमधून चोर्ला घाट एवढंच असेल तर पहिली गाडी म्हणून हीच घ्या, पण ड्युअल चॅनल एबीएसवाली, म्हणजे ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकं जाम न होणारी. पावसात डांबरावर आलेला तांबडा चिखल साबणासारखा असतो. मात्र क्लिअरन्स १८१ मिमी, तेव्हा खड्ड्यांत बेताने. यामाहाची एफझेड-एक्स १३९ किलोची, हाताळायला सोपी. पण १४९ सीसीला मागे माणूस बसवून घाट चढताना दम लागतो.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर खारी हवा स्पोकच्या निपलना (तारा रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांना) आणि चेनला आधी खाते. पावसाळ्यात दर ३०० किमीला चेन पुसून ल्यूब मारा. तांबड्या धुळीने एअर फिल्टर तुंबला की गाडी जड ओढते, मायलेज पडतं.

सेकंडहँड घेताना नंबरप्लेट पूर्वी काळी-पिवळी, म्हणजे भाड्याची, होती का ते आरसीत बघा. मग पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. बरोबर मधोमध खटकन अडकलं तर बॉल रेस, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलीय. तेवढे पैसे किमतीतून कापा.