चांद्ररात्र 354 तासांची : अवकाशाच्या गेम्ससोबत आठ महिने

गेल्या आठ महिन्यांत माझा मोकळा वेळ जवळपास सगळा चंद्रावर गेला. रॉकेट बांधून उडवायचा केरबल स्पेस प्रोग्रॅम, यान चालवायचा ऑर्बिटर आणि चांद्रतळ उभारायचे तीन-चार गेम. नवं काही हाती आलं की पहिला आठवडा सगळंच गोड वाटतं, म्हणून लिहायला मुद्दाम इतके दिवस थांबले. आता नव्याची नवलाई ओसरली आहे आणि संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू केल्यावर हात कशाकडे जातो ते मला पक्कं ठाऊक झालंय.

केरबल 2011 मध्ये पहिल्यांदा लोकांच्या हाती आला आणि 2015 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती निघाली. दिसायला तो आज जुनाच वाटतो. पण शिकायला सुरुवात करायची तर मी अजूनही हाच सांगेन. त्यातल्या केरबिन ग्रहाची त्रिज्या फक्त 600 किलोमीटर आहे, पृथ्वीची 6,371. त्यामुळे पृथ्वीवरून कक्षेत जायला जिथे सेकंदाला साधारण 9.4 किलोमीटरचा डेल्टा-व्ही लागतो, तिथे केरबिनवर 3.4 मध्ये काम भागतं. नवख्या माणसाचं ओबडधोबड रॉकेटही वर पोचतं. नियम मात्र सगळे खरे. डेल्टा-व्ही म्हणजे जवळच्या इंधनात वेग एकूण किती बदलता येईल तो आकडा. महिनाभरात अंतर किलोमीटरमध्ये मोजायची सवय सुटते आणि कुठेही जायचं म्हटलं की आधी मनात येतं, जायला किती, उतरायला किती, परत यायला किती.

पहिलं डॉकिंग, म्हणजे कक्षेत फिरणारी दोन यानं एकमेकांना जोडणं, जमायला मला अकरा दिवस लागले. स्थानक माझ्या वीसेक किलोमीटर पुढे, त्याच कक्षेत. मी यानाचं नाक त्याच्याकडे केलं आणि इंजिन लावलं. थोडा वेळ अंतर कमी झालं आणि मग वाढतच गेलं. कारण असं की पुढे ढकललं की कक्षा उंच होते, आणि उंच कक्षेत फेरीला जास्त वेळ लागतो, म्हणून आपण मागे पडतो. पुढच्याला गाठायचं असेल तर आधी वेग कमी करून खाली उतरायचं. जून 1965 मध्ये जेमिनी 4 या अमेरिकी यानातल्या जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या निकामी टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला, तेव्हा हेच घडलं होतं. इंधन संपत चाललं आणि तो नाद सोडावा लागला. हे मी पूर्वी वाचलं होतं, पण समजलं त्या अकरा दिवसांत. शेवटी सेकंदाला वीस सेंटिमीटर वेगाने दोन्ही तोंडं समोरासमोर आली, चुंबकाने एकमेकांना ओढलं, दोन्ही यानं किंचित डुलली आणि एक झाली. त्या रात्री झोप लागली नाही.

ऑर्बिटर हे वेगळंच प्रकरण आहे. मार्टिन श्वायगर यांनी तो 2000 मध्ये मोफत उपलब्ध करून दिला आणि 2021 मध्ये त्याचा सोर्स कोडही खुला केला. गुण नाहीत, बक्षीस नाही, पुढची पातळी नाही. सूर्यमाला खऱ्या मापाची. समोर हिरव्या आकड्यांचे दोन पडदे, आणि ते वाचता येत नसतील तर यान कुठेच जात नाही. मी त्यातलं डेल्टा-ग्लायडर हे यान घेऊन चंद्रावरच्या ब्रायटन बीच तळावर उतरले, त्याआधी मॅन्युअलची पानं अक्षरशः पाठ केली होती. केरबल एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण धरतो, त्यामुळे सूर्य आणि पृथ्वी दोघांच्या एकत्रित ओढीमुळे तयार होणाऱ्या ज्या एल-2 बिंदूभोवती जेम्स वेब दुर्बीण फिरते, तसा बिंदू तिथे नाहीच. ऑर्बिटर सगळ्यांची ओढ एकत्र धरतो. पण माझं मत विचाराल तर ऑर्बिटरमध्ये उडवायला मिळतं, बांधायला नाही, आणि मला बांधायचं होतं.

चांद्रतळ उभारायच्या एका गेमचं नाव इथे घेत नाही. दिसायला अतिशय सुंदर. घुमट, बोगदे, खाणी, सगळं. चाळीस तास खर्चून उभा केलेला माझा तळ एका अपडेटनंतर उघडेनासा झाला. त्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून खटकलं ते हे की त्यात दिवस-रात्र काही मिनिटांत उलटायचे. सौर पॅनेल मावळतीला बंद, डोळा लागायच्या आत पुन्हा सुरू. चंद्रावर राहणं अवघड का आहे, याचं मुख्य कारणच त्यांनी काढून टाकलं होतं.

म्हणून परत केरबलकडे आले, पण या वेळी दोन मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या जोडण्या, घालून. रिअल सोलर सिस्टिमने सूर्यमाला खऱ्या मापाची होते आणि केरबॅलिझमने प्राणवायू, अन्न, वीज, किरणोत्सर्ग यांचा हिशेब सुरू होतो, तोही यान नजरेआड असताना. दोन्हींच्या आवृत्त्या जुळवण्यात दोन संध्याकाळी जातील, त्याची तयारी ठेवा, आणि कॉम्प्युटरला मेमरी भरपूर हवी.

मूळ केरबलमधल्या मुनवर, म्हणजे केरबिनच्या चंद्रावर, रात्र साधारण वीस तासांची. खऱ्या चंद्रावर ती 354 तासांची. एक किलोवॉटचा भार तेवढे तास चालवायचा तर 354 युनिट वीज साठवावी लागते. लिथियम बॅटऱ्यांचं वजन धरलं तर सुमारे दोन टन. माझ्या तळाचा भार तीन किलोवॉट होता. सहा टन बॅटऱ्या मी नेल्या नव्हत्या.

हजारपट वेगाने 354 तास म्हणजे 21 मिनिटं. ती 21 मिनिटं मी खुर्चीच्या कडेवर बसून काढली. पाचव्या दिवशी बॅटरी 52 टक्के. रोपांचे दिवे बंद केले. आठव्या दिवशी 31, प्रयोगशाळा बंद. अकराव्या दिवशी 12 टक्के राहिले आणि फक्त हवेतला कार्बन डायऑक्साइड काढणारं यंत्र चालू ठेवलं, कारण ते थांबलं की आतली दोघं जगत नाहीत. चंद्राच्या विषुववृत्तावर उजेडाची कड ताशी पंधराएक किलोमीटरने सरकते, सायकलवरून तिच्या सोबतीने जाता येईल इतकी हळू. सर्वात उंच पॅनेलच्या वरच्या कडेला आधी एक पिवळी रेघ आली. आकडा 2 वर होता.

दुसऱ्या दिवशी चांद्रयान-3 ची बातमी काढून पुन्हा वाचली. 23 ऑगस्ट 2023 ला विक्रम उतरला, त्याचं काम एका चांद्रदिवसापुरतंच आखलेलं होतं, 4 सप्टेंबरला त्याला झोपवलं आणि रात्रीनंतर तो उठला नाही. तेव्हा मनाला चुटपुट लागली होती. आता वाटतं, एका दिवसाचंच काम आखणं हा किती विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. 1970 च्या लुनोखोद 1 या सोव्हिएत रोव्हरने अनेक रात्री काढल्या, पण त्याच्या पोटात किरणोत्सारी पोलोनियमची ऊब होती आणि रात्री तो वरचं झाकण मिटून घ्यायचा.

एक उणीव मात्र माझ्या हाती आलेल्या एकाही गेमने भरून काढली नाही, ती धुळीची. 1972 मध्ये अपोलो 17 च्या रोव्हरचा मडगार्ड तुटला, तेव्हा अंगावर उडणाऱ्या धुळीने सर्नन आणि श्मिट हे अंतराळवीर इतके हैराण झाले की त्यांनी नकाशाचे कागद टेपने जोडून नवा मडगार्ड केला. गेममध्ये रोव्हर शंभर किलोमीटर पळवा, पॅनेल लख्ख ते लख्खच. धुळीमुळे वीज हळूहळू कमी होत गेली, सांधे घासत गेले, तर प्रत्येक फेरीआधी माणूस दहादा विचार करेल.

केरबल घ्यावा की नाही? झटपट मजा हवी असेल तर यात मन रमणार नाही. पहिले दोन आठवडे रॉकेट पडतच राहतात. ज्यांना कागद-पेन घेऊन बसायला आवडतं त्यांनी मूळ केरबलपासून सुरुवात करावी, मुनवर तीनदा उतरून सुखरूप परत यावं, मगच मॉडकडे वळावं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसोबत खेळायलाही तो उत्तम आहे.

माझा नवा तळ शॅकल्टन विवराच्या काठावर आहे, दक्षिण ध्रुवाशी. तिथल्या काही उंचवट्यांवर वर्षातला बहुतेक काळ ऊन असतं. विवर 21 किलोमीटर रुंद, तळाशी कायम अंधार. पॅनेल काठावर उभी केली आहेत, आणि बर्फ शोधणारा रोव्हर काल रात्री पहिल्यांदा खाली उतरवला. चार किलोमीटरची उतरण आहे. अर्ध्यात पोचलाय, बॅटरी 68 टक्के.