वारंवार होणारी गळवं: काढा की जळवा?

एक गळू बसतं न बसतं तोच काखेत दुसरं डोकं वर काढतं. अशा वेळी आयुर्वेदात दोन वाटा असतात: शमन, म्हणजे पोटातून औषध, किंवा शोधन, म्हणजे विरेचन (औषधाने जुलाब करवणं) आणि रक्तमोक्षण (जळवा वगैरे लावून रक्त काढणं).

शमन सोपं. मंजिष्ठा, सारिवा, कडुनिंब यांचे काढे, गंधक रसायन, वरून त्रिफळ्याच्या काढ्याने धुणं. नोकरी सांभाळून जमतं. पथ्याचं तेवढं बघा. मिसळ सोडायला पुणेकर सहजी तयार होत नाही. आरोग्यवर्धिनी ही आयुर्वेदिक गोळी मात्र स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नये. तिच्यात पारा आणि ताम्रभस्म असतं.

शोधनाला शरद ऋतू, आपली ऑक्टोबर हीट, योग्य मानतात. ते घरी करायचं काम नव्हे, वैद्याच्या देखरेखीखालीच हवं. जळू लावण्यात एक मेख आहे: तिच्या आतड्यात एरोमोनास जिवाणू राहतात, म्हणजे जुना संसर्ग घालवायला जाऊन नवा गळ्यात पडू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, अ‍ॅनिमिया किंवा आटोक्याबाहेरचा मधुमेह असेल, तर नकोच.

माझा कल शमनाकडे, तोही पू आणि रक्तातली साखर तपासल्यावर. गळवांमागचा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू अनेकांच्या नाकात तळ ठोकून असतो. यांपैकी कुठल्याही वाटेने तो हटतो, असा भक्कम पुरावा नाही. टॉवेल, रेझर वेगळे ठेवाच. ताप आला किंवा लाली पसरू लागली, तर काढा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.