महाविद्यालयातली स्मृतिवृक्ष योजना: पाटी झकास, आळं नापास

पुण्याकडच्या एका महाविद्यालयाची स्मृतिवृक्ष योजना: देणगी भरा, दिवंगत प्राध्यापकाच्या किंवा आईवडिलांच्या नावानं आवारात झाड लागतं. झाडांची निवड उत्तम. बकुळ, बहावा, आणि ताम्हण, म्हणजे आपलं राज्यफूल. वादळात आडवा होणारा गुलमोहर यादीत नाही, हे शहाणपण.

लावणीत मात्र घाई दिसते. मुरमाड जमिनीत खड्डा किमान तीन फूट लांब, रुंद, खोल हवा. इथे जेमतेम दीड फुटाचे आहेत. मुळं मुरमाला अडून फिरतात आणि झाड दुसऱ्या उन्हाळ्यात खुरटतं. एका बकुळीच्या बुंध्याशी काळी प्लॅस्टिक पिशवी तशीच डोकावत होती! पिशवी फाडून, गोल गुंडाळलेली मुळं मोकळी करूनच रोप लावायचं असतं. कलमी सोनचाफ्याचा जोड, म्हणजे कलम बांधलेली जागा, मातीखाली गाडलाय. तो वर हवा, नाहीतर कुजतो.

नावाच्या पाट्या ग्रॅनाइटच्या, वेगळ्या खांबावर. खोडाला खिळा नाही, याचे पूर्ण गुण. पितळी पाट्या तशाही चोरीला जातात. लोखंडी जाळ्या मात्र वेळेवर सैल करा, खोडात रुतू लागल्यात.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: जूनमध्ये पहिल्या चांगल्या पावसानंतर लावणी, पहिले तीन उन्हाळे आठवड्याला निदान वीस लिटर पाणी, आणि रोप मेल्यास त्याच जागी नवं. सध्याच्या पावतीवर फक्त पाटीचा मजकूर असतो.