विकिपीडिया-लेखनाची सशुल्क सेवा, नौपाडा (ठाणे): उघडपणा चोख, शुल्काचा करार अपुरा

वागळे इस्टेटमधील आमच्या कारखान्याविषयी इंग्रजी विकिपीडियावर लेख व्हावा म्हणून नौपाड्यातील एका लहान कार्यालयाची सेवा आम्ही घेतली. लेख अद्याप स्वीकारला गेलेला नाही. तरीही सेवेविषयी माझे मत बरेच अनुकूल आहे, ते मोबदल्याबाबतच्या उघडपणामुळे.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने जून २०१४ मध्ये आपल्या वापराच्या अटींत केलेल्या बदलानुसार, मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने आपण कोणाच्या नोकरीत आहोत, कोणत्या ग्राहकासाठी लिहितो आणि त्यांच्याशी आपला संबंध काय, हे जाहीर करावे लागते. येथील लेखकाने मसुद्याला हात घालण्यापूर्वीच सदस्य पानावर (विकिपीडियावरील आपल्या ओळखीच्या पानावर) स्वतःच्या कार्यालयाचे व आमच्या कंपनीचे नाव नोंदवले, आणि लेख थेट प्रकाशित न करता इतर संपादकांच्या तपासणीसाठी मसुदा म्हणून सादर केला. हे काम आमच्या प्रशिक्षणार्थी मुलाकडून फुकटात करून घेण्याची कल्पना (ती अर्थातच हिशेबनीसांची होती) त्याने तिथल्या तिथे खोडून काढली, कारण या नियमापुरता प्रशिक्षणार्थीही कर्मचारीच मानला जातो.

चौकशीच्या काळात वाशीतील एकाने नाव गुप्त ठेवून 'पान कायम राहील' अशी हमी देऊ केली होती. अशी हमी कोणालाच देता येत नाही, कारण तेथील लेख कोणाच्याही मालकीचा नसतो. २०१५ मध्ये उघड न करता पैसे घेऊन लिहिणारी ३८१ खाती इंग्रजी विकिपीडियाने एकाच तपासात रोखली आणि त्यांचे दोनशेहून अधिक लेख काढून टाकले. त्या टोळीने मसुदे नाकारले गेलेल्या व्यावसायिकांनाच गाठून पैसे मागितले होते.

तक्रार शुल्काची आहे. मसुदा नाकारला गेला तरी संपूर्ण रक्कम देय राहील, हे करारात बारीक अक्षरांत होते. शिवाय आमच्याकडील बहुतेक कात्रणे म्हणजे आमच्याच प्रसिद्धिपत्रकांचे पुनर्मुद्रण असून उल्लेखनीयतेसाठी (म्हणजे विषय विकिपीडियावरील लेखास पात्र ठरण्यासाठी) स्वतंत्र व सविस्तर स्रोत लागतात, ही गोष्ट आगाऊ रक्कम स्वीकारण्यापूर्वी सांगणे त्यांना सहज शक्य होते. केवळ स्रोतांची छाननी अल्प शुल्कात आधी करून देण्याची सोय त्यांनी ठेवली, तर ठाण्यातील लघुउद्योजकांना मी हे कार्यालय निःसंकोच सुचवेन. सध्या पाचपैकी तीन गुण.